बाकावरून उठा, धनुष्य हातात घ्या

गेल्या आठ मार्चच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. आमच्या तालुक्याच्या गावातल्या सात-आठ महिला मंडळांच्या प्रतिनिधी जमल्या होत्या. खेळ कोणते ठेवायचे यावर चर्चा सुरू झाली आणि नेहमीची यादी पुढे आली : संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, रांगोळी, उखाणे. मी म्हटलं, "यंदा तिरंदाजी ठेवू या. धनुष्यं मी आणते." क्षणभर सगळ्या गप्प झाल्या आणि मग एकदम हसू फुटलं. एक काकू म्हणाल्या, "अगं बाई, या वयात आता कुणाला मारायचंय?"

प्रश्न गमतीने विचारला होता, म्हणून मीही हसले. पण घरी गेल्यावर तो डोक्यातून जाईना. मला कुणालाच मारायचं नाही. समोरच्या कागदावरच्या पिवळ्या गोलात बाण मारायचा आहे, एवढंच. त्याने कुणाचं पोट भरत नाही, संसाराला त्याचा काडीचा उपयोग नाही, समाजाचं त्यात काही कल्याण नाही. मला ते आवडतं. एखादी बाई निव्वळ आवडतं म्हणून आठवड्यातले तीन तास घराबाहेर, मैदानावर घालवते, हे लोकांना पचत नाही हे मला माहीत होतं. चळवळीतल्या आपल्यालाही ते पचत नाही हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून हा लेख.

बाकावरच्या आया

मी पहिल्यांदा मैदानावर गेले तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होते. भिंतीच्या कडेला एक लांब बाक आहे. त्यावर दहा-बारा बाया बसल्या होत्या. कुणाच्या मांडीवर डबा, कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणी मेथी निवडत होती. मुलामुलींचा सराव संपेपर्यंत रोज दोन-अडीच तास त्या तिथे बसतात. कोणत्या मुलाचा बाण कुठे लागला, कुणाचा खांदा वर जातो, कुणाची दोरी घाईने सुटते, हे त्यांना बसल्या जागेवरून बिनचूक दिसतं. त्यातल्या एकीनेही कधी धनुष्य हातात धरलेलं नव्हतं.

प्रशिक्षक सरांनी मला पाहून विचारलं, "मुलगी कुठे आहे?"

"मुलगी नाही. मीच शिकणार आहे."

"ताई, इथे आम्ही मेडल काढणारी मुलं तयार करतो. तुम्ही आता शिकून काय करणार?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. साक्षरता वर्गाला येणाऱ्या बायांना त्यांच्या घरात हेच विचारायचे : "आता शिकून काय कलेक्टर होणार?" तेव्हा आपण भांडलो. अक्षर ओळखणं हा बाईचा हक्क आहे, त्याचं पुढे काय करायचं ते ती ठरवेल, असं ठासून सांगितलं. मग मैदानाच्या बाबतीत आपण मुकाट्याने बाकावर जाऊन का बसतो?

सरांना दोष देऊन मी मोकळी होणार नाही. त्यांची किंमत पदकांवर होते, पगार आणि मान्यता पदकांवर ठरते. माझ्यासारखीला शिकवून त्यांच्या अहवालात एक ओळही वाढत नाही. बरीच वादावादी झाल्यावर त्यांनी रविवारची सकाळ दिली. पहिल्या रविवारी मी एकटी होते. दुसऱ्या रविवारी बाकावरच्या दोघी उठून आल्या. मग एक अंगणवाडी ताई आली, एक भाजी विकणारी मावशी आली. आज आम्ही अकरा जणी आहोत.

सुरुवात कशी होते

हे मी मुद्दाम तपशिलाने लिहिते आहे, कारण 'ते आपलं काम नाही' या समजुतीचा अर्धा भाग नुसत्या अज्ञानाचा आहे.

आधी डोळा पाहतात. दोन्ही हात पुढे करून पंजांच्या मध्ये छोटी फट ठेवायची, तिच्यातून दूरची एखादी वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने वस्तू फटीत टिकते तो तुमचा प्रबळ डोळा. त्यावरून धनुष्य कोणत्या हातात धरायचं ते बहुधा ठरतं. मग ताण. धनुष्याची ताकद पौंडांत मोजतात. नवशिक्या बाईला सोळा-अठरा पौंडांचं धनुष्य पुरतं. ते ओढायला पाण्याची कळशी उचलणाऱ्या बाईला काय अवघड? सवय होईल तसा ताण वाढवायचा. धनुष्य माणसाच्या मापाने निवडायचं असतं, हे मला फार आवडलं. बाईने पुरुषाच्या मापात बसायचं अशी इथे अट नाही.

पहिले काही आठवडे गोल नसतोच. पाच-सहा पावलांवर गवताच्या दाबलेल्या गठ्ठ्यावर नुसते बाण सोडायचे. पाय खांद्यांएवढे फाकलेले, पाठ सरळ, दोरी हनुवटीखाली येईपर्यंत ओढायची आणि बोटं सैल करायची. जोर दंडाचा वाटतो, पण खरा पाठीचा असतो. मग दहा मीटर, अठरा मीटर, तीस मीटर असं मागे सरकत जायचं. ऑलिंपिकमधलं अंतर सत्तर मीटर आहे आणि ते बायकांना आणि पुरुषांना एकच आहे. तिथे लक्ष्याचा कागद १२२ सेंटीमीटर रुंद, आणि दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटीमीटरचं. म्हणजे सत्तर मीटरवर ठेवलेली चहाची बशी.

नियम कडक आहेत. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, एक झाली की बाण सोडायचे, तीन झाल्या की सगळ्यांनी मिळून बाण काढायला जायचं. रेषेच्या पुढे कुणी असताना धनुष्य उचलायचंसुद्धा नाही. बाण न लावता ओढलेली दोरी सोडायची नाही, धनुष्य मोडतं. आमच्या मावशी म्हणाल्या, "इथे कसं, शिट्टी झाली की सगळे थांबतात. घरात कुणी थांबत नाही."

खर्चाचं खरं सांगायला हवं. सुरुवात बांबूच्या धनुष्यावर होते. त्यावर 'इंडियन राउंड' या प्रकाराच्या स्पर्धाही होतात. पण पुढे रिकर्व्ह किंवा कंपाउंड घ्यायचं तर स्पर्धेच्या दर्जाचं सामान दोन-तीन लाखांच्या घरात सहज जातं. शेतमजुराच्या, रिक्षावाल्याच्या हुशार मुली बांबूच्या धनुष्यापाशीच थांबतात ते याच जागी. आम्ही वर्गणी काढून तीन धनुष्यं घेतली आणि अकरा जणी पाळीपाळीने वापरतो. हौशी शिकणाऱ्यांना तेवढं पुरतं.

हातावरचा वळ

दुसऱ्या आठवड्यात दोरी माझ्या डाव्या हातावर आतल्या बाजूला सपकन बसली. कोपर नीट वळवलेलं नव्हतं आणि आर्मगार्डही लावलेला नव्हता. संध्याकाळपर्यंत तिथे हाताएवढा काळानिळा वळ उठला. सोमवारी मी आमच्या सल्ला केंद्रात बसले होते. तक्रार घेऊन आलेल्या एका बाईची नजर सारखी त्या वळाकडे जात होती. शेवटी ती हळूच म्हणाली, "ताई, तुम्हालापण?"

वीस वर्षं मी दुसऱ्या बायांच्या अंगावरचे वळ पाहत आले आहे, त्यांची नोंद करत आले आहे. बाईच्या अंगावरच्या वळाचं दुसरं काही कारण असू शकतं असं तिला वाटलं नाही आणि तिच्या जागी मी असते तर मलाही वाटलं नसतं. मुलगा गुडघा फोडून आला तर आपण म्हणतो, खेळताना पडला असेल. बाईला खेळून लागलं असेल असं कुणाच्या मनातही येत नाही, कारण बाई खेळत नाही हे आपण गृहीतच धरलं आहे. मी तिला धनुष्याचं सांगितलं तेव्हा ती हसली. तिचा स्वतःचा वळ तसाच होता.

दोरी अंगावर लोंबणाऱ्या कशालाही अडकते. ओढणी, मोकळे केस, बांगड्या, मंगळसूत्र. म्हणून रेषेवर यायच्या आधी हे सगळं काढून ठेवावं लागतं. सुरक्षिततेचा साधा नियम आहे. पण आमच्यातली एक तरुण सून मंगळसूत्र पिशवीत ठेवते हे कुणीतरी तिच्या घरी सांगितलं. "मैदानावर गळा मोकळा ठेवायची काय गरज?" यावरून घरात मोठं भांडण झालं. ती दोन महिने आली, फार छान नेम होता तिचा. आता येत नाही. आम्ही तिच्या घरी जाऊन बोललो, सासूबाईंनी चहा दिला, 'बघू' म्हणाल्या. ते 'बघू' अजून चालू आहे.

आणि छातीचं काय? दोरी छातीला घासते, त्यासाठी चेस्टगार्ड नावाची पट्टी असते. सर पुरुष, त्यांना आम्हाला हे सांगायचा संकोच. "कपडे जरा नीट बघा," एवढंच म्हणायचे. शेवटी तिथे सराव करणारी सोळा वर्षांची मुलगी सरळ म्हणाली, "काकू, चेस्टगार्ड घाला. पुरुषपण घालतात." प्रशिक्षक बाई असती तर हे पहिल्या दिवशी कळलं असतं.

धनुष्य कुणाचं?

आपल्या गोष्टींत धनुष्य भरपूर आहे. पण त्यात बाई कुठे आहे? जनकाच्या दरबारात धनुष्य मांडलं, सीता पणाला. द्रुपदाच्या दरबारात मत्स्यभेद, द्रौपदी पणाला. नेम पुरुषाने धरायचा आणि बक्षीस म्हणून बाई न्यायची. आणि ज्याने स्वतःच्या हिमतीवर विद्या मिळवली त्या निषादपुत्र एकलव्याचा अंगठा मागून घ्यायचा. ज्याने तो मागितला त्या द्रोणाचार्यांच्या नावाने आपलं सरकार १९८५पासून प्रशिक्षकांना पुरस्कार देतं, आणि ज्याचा पहिला नंबर टिकावा म्हणून तो मागितला त्या अर्जुनाच्या नावाने खेळाडूंना. यात कुणाला काही खटकत नाही!

पण मैदानावर मला एक गोष्ट कळली आणि फार आनंद झाला. आजच्या स्पर्धांतल्या रिकर्व्ह पद्धतीत दोरी ओढायला अंगठा लागतच नाही. तर्जनी बाणाच्या वर, मधलं बोट आणि अनामिका खाली, अंगठा तळव्यात दुमडलेला. एकलव्य आज आला असता तर अंगठ्याशिवाय जिंकला असता.

हात नसले तरी अडत नाही. जम्मू-काश्मीरच्या किश्तवाड जिल्ह्यातली शीतल देवी जन्मतःच बिनहातांची आहे. ती पायाने धनुष्य धरते आणि खांद्याच्या व जबड्याच्या आधाराने दोरी ओढून सोडते. २०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये तिने राकेश कुमारबरोबर मिश्र सांघिक कांस्यपदक मिळवलं आणि २०२५मध्ये ती वैयक्तिक जागतिक विजेती झाली. वयाचं म्हणाल तर १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीचं सुवर्णपदक क्वीनी न्यूवॉल या बाईने जिंकलं तेव्हा ती ५३ वर्षांची होती. ऑलिंपिक सुवर्ण मिळवणाऱ्या सर्वांत वयस्क स्त्रियांत ती आजही मोजली जाते. अर्थात तिच्या त्या स्पर्धेत उतरलेल्या पंचवीसच्या पंचवीस जणी ब्रिटिश होत्या. लांब झग्यात, फार न घामाघूम होता खेळता येतं म्हणून हा खेळ तिथल्या घरंदाज बायकांना शोभणारा मानला गेला. त्यांचे कपडे धुणाऱ्या, त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या बायांना तो कुणी देऊ केला नव्हता. फुरसत ही कायमच वर्गाची बाब राहिली आहे, हे विसरून चालणार नाही.

पदक आणि स्वसंरक्षण

आपल्याकडे बाईने खेळायला दोनच सबबी चालतात. पहिली पदकाची. दीपिका कुमारीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे : रांचीजवळच्या खेड्यातली रिक्षाचालकाची मुलगी, दगड मारून आंबे पाडायची. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दोन सुवर्णपदकं, २०१२ साली जगात पहिला क्रमांक. आंब्याची गोष्ट आपल्याला गोड वाटते, पण तिच्यासारख्या किती मुलींना आंब्यांच्या पुढे धनुष्यच मिळालं नाही हे ती गोष्ट सांगत नाही. आणि दर चार वर्षांनी तिला एकच प्रश्न : ऑलिंपिक पदक कुठे आहे? २०२२च्या डिसेंबरात तिला मुलगी झाली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत ती पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली, तरी प्रश्न तोच.

आमच्याच सातारा जिल्ह्यातली अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपाउंड प्रकारात वैयक्तिक जागतिक विजेती झाली. तिचे वडील शाळाशिक्षक. तिच्या सरावासाठी त्यांनी कुटुंब गावातून साताऱ्याला आणलं. अदितीचा मला अभिमान आहे. पण तिच्या सत्काराला स्टेजवर बसलेल्यांनी सांगावं, की जिल्ह्यातल्या ज्या मुली जागतिक विजेत्या होणार नाहीत त्यांच्यासाठी मैदान आहे की नाही?

आणि पदकाने तरी सुटका होते का? दक्षिण कोरियाच्या बायकांनी १९८८पासून २०२४पर्यंत ऑलिंपिकचं सांघिक सुवर्ण सलग दहा वेळा जिंकलं. त्यातल्या आन सान या वीस वर्षांच्या मुलीने २०२१मध्ये टोकियोत तीन सुवर्णपदकं मिळवली. तर तिच्या देशातले काही पुरुष इंटरनेटवर तिच्या तुटून पडले कशावरून? केस आखूड आहेत, म्हणजे ही 'फेमिनिस्ट' असणार. पदकं परत घ्या!

दुसरी सबब स्वसंरक्षणाची. कुठे बलात्कार झाला की लगेच मुलींसाठी कराट्याची शिबिरं लागतात. आपणही लावतो. 'मुलींनो, सक्षम व्हा' म्हणताना आपण नकळत म्हणतो, की वाचणं ही तुझीच जबाबदारी. धनुष्याचं या बाबतीत बरं आहे. साडेपाच फुटांचं धनुष्य एस.टी.त घेऊन कुणी स्वतःचं रक्षण करू शकत नाही. म्हणून तिथे ही सबब चालत नाही आणि खरं कारणच सांगावं लागतं : मला हौस आहे.

'हौस' हा शब्द बघा. बाईची हौस म्हणजे साडी, दागिना, डोहाळजेवण, मुलाचं बारसं. पुरुषाची हौस म्हणजे क्रिकेट, पत्ते, ट्रेक. बाईच्या हौसेत ती कुणाची तरी कुणीतरी असते. नुसती ती नसते.

'हे मध्यमवर्गीय चोचले आहेत'

आमच्याच संघटनेच्या बैठकीत हे वाक्य ऐकलं. पाणी, रेशन, हिंसा, रोजगार हे प्रश्न समोर असताना धनुष्यबाण? बोलणारी माझी जुनी मैत्रीण. तिला मी तिथे उत्तर देऊ शकले नाही, इथे देते.

२०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. हा फरक दोनशे मिनिटांचा आहे. पुरुषाचं मैदान, कट्टा, पारावरच्या गप्पा सगळं त्या दोनशे मिनिटांवर उभं आहे. त्या मिनिटांचा हिशेब मागणं हा रोजगाराइतकाच खरा प्रश्न आहे. आणि चोचले कुणाचे? आमच्या अकरा जणींत भाजीवाल्या मावशी सगळ्यात नियमित येतात. रविवारचा बाजार त्या नऊनंतर मांडतात, गिऱ्हाईक थोडं सुटतं तरी येतात. मी त्यांना कारण विचारलं. म्हणाल्या, "बाण सोडताना डोक्यात काही नसतं बघ. दुसरं कधीच असं होत नाही."

मागण्या

एक. प्रत्येक तालुक्याच्या मैदानावर बायकांसाठी, कोणत्याही वयाच्या, रोज ठरलेली वेळ हवी. आमच्या मैदानावर संध्याकाळ क्रिकेटच्या सामन्यांना जाते आणि बायकांच्या संडासाला कुलूप. किल्ली राखणदाराच्या खिशात. कुलूप निघालं पाहिजे.

दोन. सामान सार्वजनिक हवं. जसं वाचनालयात पुस्तक, तसं मैदानावर धनुष्य.

तीन. प्रशिक्षक म्हणून बाया नेमा. जिथे दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत तक्रार समिती हवी. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम, स्पर्धेची जागा हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. लहान जागी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिचा पत्ता मैदानाच्या फळ्यावर लावा. देशाला पदकं मिळवून देणाऱ्या कुस्तीगीर मुलींना २०२३ साली दिल्लीच्या जंतरमंतरवर बसावं लागलं. गावातल्या मुलीचं मग कोण ऐकणार?

चार. स्पर्धेच्या अर्जातून संमतीचा रकाना काढा. गेल्या वर्षी मी एका खुल्या स्पर्धेला नाव दिलं. अर्जावर छापलं होतं : 'पालक / पती यांची सही'. एक्कावन्न वर्षांच्या बाईला! मी ती ओळ खोडली आणि खाली स्वतःची सही केली. आयोजकांनी कुरकुर केली, पण अर्ज घेतला. मी शेवटून दुसरी आले. तीन बाण पिवळ्यात लागले होते.

आठ मार्चला शेवटी लिंबू-चमचाच झाला. पण कार्यक्रम संपल्यावर मी मंडपामागे गवताचा गठ्ठा उभा केला, भोवती दोरी बांधली आणि मागे भिंत आहे याची खात्री करून धनुष्य काढलं. 'कुणाला मारायचंय' विचारणाऱ्या काकू सगळ्यात आधी आल्या. त्यांनी बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या आणि तीन बाण मारले. दोन गठ्ठ्यात लागले, एक भिंतीवर. "अजून एक," म्हणाल्या.

मैत्रिणींनो, तुमच्या गावच्या मैदानाची वेळ विचारायला या आठवड्यात दोघी-तिघी मिळून जा. 'मुलगी कुठे आहे' विचारलं तर काय सांगायचं ते तुम्हाला आता माहीत आहे.